कोल्हापुरात इथलं आणि हंगामातलं कसं खायचं: बाजारापासून बरणीपर्यंत

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, भोगीच्या तोंडावर, लक्ष्मीपुरीच्या मंडईत पावटा, वरणा, ओला हरभरा, गाजर आणि वांगी यांचे ढीग लागलेले असतात. भाव उतरलेला असतो, माल ताजा असतो. आणि नेमकं तेव्हाच घरातून निघताना कुणीतरी सांगितलेलं असतं, "भेंडी घेऊन या." थंडीत भेंडीचं झाड वाढ धरत नाही, फळ सावकाश येतं, म्हणून मिळते ती महाग आणि बऱ्याचदा राठ. भाजीच्या खर्चाची आणि चवीची निम्मी अडचण इथंच असते. बेत आधी ठरतो आणि बाजार नंतर होतो. इथलं आणि हंगामातलं खायचं तर हा क्रम उलटा करावा लागतो. तो कसा करायचा, त्यासाठी कुठली भाजी कधी घ्यायची, घरी आणल्यावर काय करायचं आणि सुगीत काय भरून ठेवायचं, ते पुढे सांगितलं आहे.

फायदा नेमका कशात आहे

खुडलेल्या भाजीचं श्वसन चालूच असतं. तोडल्यानंतरही ती स्वतःतली साखर आणि पाणी खर्च करत राहते, आणि हा वेग पालेभाज्या, शेंगा आणि कोवळ्या कणसांत सगळ्यात जास्त असतो. मक्याच्या कणसातली आणि ओल्या वाटाण्यातली साखर काही तासांतच पिठूळ व्हायला लागते. म्हणून सकाळी तोडलेलं कणीस संध्याकाळी भाजलं तर गोड लागतं, आणि तिसऱ्या दिवशी तेच कणीस नुसतं चघळावं लागतं. क जीवनसत्त्व आणि फोलेट हेही वेळ, ऊन आणि हवा यांनी घटत जातात. टोमॅटो लांब पाठवायचा असेल तर तो रंग धरायला लागतानाच तोडतात. वाटेत तो लाल होतो, पण झाडावर पिकल्याची चव त्याला येत नाही.

दुसरा फायदा पैशाचा. हंगामाच्या ऐन मध्यात माल जास्त, वाहतूक कमी आणि नासाडी कमी, त्यामुळे भाव खाली येतो.

तिसऱ्या फायद्याबद्दल लोक फारसं बोलत नाहीत, पण आमच्या मते तोच मोठा आहे. बटाटा, फ्लॉवर, टोमॅटो आणि सिमला मिरची यांवर बारा महिने काढणाऱ्या घरात वर्षाला आठ-दहा भाज्या होतात. हंगामाच्या मागे चालणाऱ्या घरात तीस-चाळीस सहज होतात, आणि त्यांत पालेभाज्या, शेंगा, वेलभाज्या, कंद, नाचणी, हुलगे (कुळीथ) असं सगळं आपोआप येतं. एकट्या नाचणीत १०० ग्रॅमला साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. तांदूळ-गहू त्याच्या जवळपासही येत नाहीत.

आता फायदा कशात नाही, तेही सांगायला हवं. इथलं म्हणजे बिनफवारणीचं, असं समीकरण नाही. शिरोळच्या वांग्यावरही फवारणी होते आणि नाशिकच्या द्राक्षावरही. हंगामात किडीचा जोर कमी असेल तर फवारण्या कमी लागतात, एवढंच. "हंगामी खाल्लं की साखर उतरते, सांधे सुटतात" अशा मेसेजना थारा देऊ नका.

आधी ठरवा: इथलं म्हणजे कुठलं

आमचा सल्ला सोपा आहे. शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आतलं ते इथलं. राज्याची सीमा मध्ये आणू नका. निपाणी कोल्हापूरहून चाळीस किलोमीटरवर आहे आणि पुणे सव्वादोनशेच्या पुढे. मग संकेश्वरची मिरची आणि बेळगाव भागातली रताळी परकी कशी?

या वर्तुळात जमीन आणि पाऊस फार झपाट्यानं बदलतो. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि त्याच जिल्ह्यात शिरोळला पाचशे-सहाशेच्या घरात. म्हणून कोल्हापूरच्या ताटाला तीन पट्टे पुरवठा करतात. पश्चिमेचा डोंगरपट्टा, म्हणजे शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड. इथून भात, नाचणी, वरी, रानभाज्या, फणस, करवंदं, जांभळं येतात. दक्षिणेला आजरा आणि चंदगड, तिथला घनसाळ तांदूळ, काजू, रताळी. आणि पूर्वेचा काळ्या मातीचा पट्टा, म्हणजे शिरोळ, हातकणंगले आणि कागल-गडहिंग्लजचा काही भाग. माळव्याचा (म्हणजे भाजीपाल्याचा), जोंधळ्याचा (ज्वारीचा), हरभऱ्याचा आणि भुईमुगाचा हा मुलूख.

जवारी माल ही वेगळी गोष्ट. जवारी काकडी, जवारी गवारी, जवारी टोमॅटो, जवारी कोथिंबीर असं विक्रेता म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ जुन्या, गावठी वाणाचा असा असतो. तो दिसायला ओबडधोबड, टिकायला कमी, चवीला वरचढ. गवारीची शेंग आखूड आणि लवदार, टोमॅटो चपटा, आंबट आणि पातळ सालीचा. आमटीला आणि सारासाठी हाच घ्यावा. चिरून कोशिंबिरीला मात्र संकरित टोमॅटो बरा पडतो.

वर्षाचा फेरा

पावसाळ्यापासून सुरुवात करू, कारण अडचण तिथंच येते.

जून संपता संपता पालेभाज्या कुजायला लागतात. मेथी-कोथिंबिरीची पेंडी चिखलानं जड होते, आत पिवळी पानं निघतात आणि भाव मात्र चढा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या महापुरानं महामार्गच बंद पाडला, तेव्हा मंडईत येणारं माळवं थांबलं आणि शिरोळचे मळे पाण्याखाली गेले. अशा दिवसांत मेथीमागे धावण्यात अर्थ नाही. हे दिवस वेलभाज्यांचे, कडधान्यांचे आणि रानभाज्यांचे.

पहिल्या दोन-तीन पावसांनंतर टाकळा येतो. बोटभर उंचीच्या रोपाची कोवळी पानं घ्या. फुलं-शेंगा दिसल्या की भाजी कडू आणि चरबट झाली समजा. पानं उकळत्या पाण्यात तीन-चार मिनिटं टाकून पाणी ओतून द्यायचं, पिळायचं, मग भरपूर लसूण आणि भिजवलेली हरभरा डाळ घालून परतायचं. भारंगीलाही हीच रीत. कुर्डूला उकडायची गरज नाही, कोवळे शेंडे असले म्हणजे झालं. जुलै ते सप्टेंबर करटुली मिळतात. हिरवी आणि टणक घ्या, पिवळसर झालेल्यांत बिया दगडासारख्या असतात.

बांबूचे कोंब घेणार असाल तर एक गोष्ट कटाक्षानं पाळा. कच्च्या कोंबात सायनाइड तयार करणारे घटक असतात. बाहेरची सालं काढून पातळ काप करा, रात्रभर पाण्यात ठेवा, ते पाणी टाका, नव्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं झाकण न ठेवता उकळा आणि तेही पाणी टाका. मगच भाजी. अळूचा घशाला खवखवाट होतो तो त्यातल्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. पूर्ण शिजवणं आणि चिंच, आमसूल किंवा ताकाचा आंबटपणा, दोन्ही हवं. नुसती चिंच घालून अर्धकच्चं ठेवलं तर खवखव राहतेच.

रानातली अळंबी ओळखीच्या माणसाशिवाय घेऊ नका. फोटो बघून ओळखायचा हा प्रकार नाही. आणि राधानगरीच्या अभयारण्यात शिरून खुडण्याच्या भानगडीत पडू नका, तिथं कायद्यानं मनाई आहे. बाजारात बुट्टी घेऊन बसलेल्या डोंगरभागातल्या बायका असतात, त्यांच्याकडून घ्या आणि शिजवायची रीतही त्यांनाच विचारा.

भाद्रपदात दोडका, पडवळ, भोपळा, काकडी, भेंडी, अळू, माठ, कणसं यांची गर्दी होते. ऋषिपंचमीची भाजी याच मालाची असते, आणि तेलाशिवाय, मसाल्याशिवाय ती चवदार लागते कारण एकही भाजी शिळी नसते. नवरात्रात रताळी येतात. दसरा ते दिवाळीच्या दरम्यान उसाची गुऱ्हाळं पेटतात, ती फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालतात. काकवी याच दिवसांत घ्यायची.

थंडी म्हणजे कोल्हापूरच्या माळव्याचा ऐन काळ. मेथी, शेपू, चाकवत, पोकळा, करडईची कोवळी भाजी, हरभऱ्याचे खुडलेले शेंडे, कांद्याची पात, मुळा, गाजर, वांगी, वरणा, पावटा, ओला वाटाणा, सगळं एकदम. मार्गशीर्षातल्या रेणुकेच्या आंबील यात्रेचा नैवेद्य बघा. आंबील, भाकरी, मेथी, वांगं, कांद्याची पात, गाजर. त्या आठवड्यात बाजारात जे उत्तम, तेच पानात. महिनाभरानं भोगीच्या मिसळ भाजीत पावटा, हरभरा, वांगी, गाजर, बोरं आणि तीळ येतात. हंगाम लक्षात राहत नसेल त्यानं सणांची पानं बघितली तरी काम भागतं.

कृष्णाकाठची वांगी याच दिवसांत खावीत. साल पातळ, बी कमी, आणि भरून केलेली वांगी दहा-बारा मिनिटांत मऊ होतात.

उन्हाळा आटोपशीर सांगतो. शेवगा फेब्रुवारीपासून, मग गवारी, तोंडली, काकडी, कलिंगड, कैरी. एप्रिल-मेमध्ये करवंदं, काजूची बोंडं, फणस, रायवळ आंबा, आणि पाऊस लागता लागता जांभूळ. तासगावकडची द्राक्षं जानेवारी ते मार्च-एप्रिल. रायवळ आंबा चोखून खायचा, रसाला पातळ पडतो अशी तक्रार करू नये. फळं कार्बाइडनं पिकवायला कायद्यानं बंदी आहे, तरी हंगामाच्या आधी बाजारात आलेला, बाहेरून एकसारखा पिवळा आणि देठाशी वास नसलेला आंबा दिसला तर पुढे चला.

मटणाला हंगाम नसतो, रविवार असतो. तरी सोबतचा कांदा, लिंबू आणि मुळा हंगामातला घ्यायला कुणाची हरकत नाही.

बाजारात काय करायचं

किती घ्यायचं ते आधी ठरवा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनाप्रमाणे दिवसाला दोन हजार कॅलरी लागणाऱ्या माणसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं हवीत. चार माणसांना म्हणजे दिवसाला एक किलो सहाशे ग्रॅम भाजी, आठवड्याला अकरा किलोच्या आसपास. बहुतेक घरांत याच्या निम्मीही येत नाही. एकदम अकरा किलो आणू नका, त्यातली तीन किलो गुरुवारपर्यंत कचऱ्यात जाईल. रविवारी मोठा बाजार, बुधवारी-गुरुवारी छोटी फेरी, अशी विभागणी ठेवा.

पिशवी न उघडता आधी मंडईचा एक पूर्ण फेरा मारा. ज्या मालाचे ढीग सगळ्यात जास्त ठिकाणी दिसतात आणि भाव सगळीकडे जवळपास सारखा आहे, तो माल ऐन हंगामात आहे. जो दोन-तीनच गाड्यांवर आहे आणि भाव जागोजागी वेगळा सांगतात, तो हंगामाच्या आधीचा, सरता किंवा लांबून आलेला. नवी भाजी दिसली की पहिल्याच आठवड्यात उडी मारू नका. दोन-तीन आठवडे थांबलात तर तीच भाजी अर्ध्या भावात आणि चांगल्या चवीत मिळते.

मग प्रश्न विचारा. "कुठलं आहे?" या प्रश्नाला "गावचंच आहे" असं उत्तर कुणीही देतं. त्यापेक्षा असं विचारा:

"आक्का, मेथी कधी काढली?"

"काल सांजच्याला. रातभर पाण्याचा हबका मारून ठेवलीया."

"रान कुठलं?"

"वडगावच्या खाली, वड्याकडंला. आनी आठ दीस हाय बघा, मग फुलावर येती."

स्वतः पिकवणाऱ्याला पुढच्या आठवड्याचं सांगता येतं. मार्केट यार्डातल्या सौद्यातून माल उचलून विकणाऱ्याला ते सांगता येत नाही. त्याच्याकडून घेऊ नये असं नाही. कांदा-बटाटा त्याच्याकडूनच घ्यावा. पण पालेभाजी, शेंगा आणि रानभाजी शेतकरी बाईच्या फडक्यावरची घ्या. तिच्याकडे चार प्रकार असतात, सगळे थोडे थोडे, आणि आकारानं कमीजास्त. एकाच मापाचा चकचकीत माल असेल तर तो निवडून, वर्गवारी होऊन आलेला आहे.

परख कशी करायची? भेंडीचं टोक कटकन मोडलं पाहिजे. पण मोडून पुन्हा ढिगात टाकू नका, विकणाऱ्याचं नुकसान होतं. एक बघा आणि घ्या. वांग्याची साल चकचकीत आणि देठाची टोपी हिरवी हवी. साल निस्तेज झाली की आत बी काळं पडायला लागलेलं असतं. दोडका हातात वजनदार आणि वाकवला की थोडा लवणारा हवा. हलका लागला तर आत जाळी धरली. मेथीत मध्येच फूल दिसलं तर कडवटपणा वाढला आहे. वरणा-पावट्याच्या शेंगेत दाणा भरलेला पण शेंग हिरवी हवी. सुरकुतलेली शेंग सोलायला सोपी जाते म्हणून घेतात आणि मग आमटीत साली तरंगतात.

दुधी आणि काकडी चिरण्याआधी देठाकडचा तुकडा चाखा. दुधी कडू लागला तर तो अख्खा फेकून द्या. शिजवून किंवा साखर घालून तो कडूपणा जात नाही, आणि कडू दुधीच्या रसानं माणसं गंभीर आजारी पडलेली आहेत.

गूळ घेताना लोक रंगाला भुलतात. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकनाचं नाव सांगून विकला जाणारा गुळाचा प्रत्येक रवा (ढेप) तसा असेलच असं नाही. गुऱ्हाळावर उसाचा रस तापत असताना रानभेंडीचा चीक घालून मळी वर आणतात. रंग लिंबासारखा पिवळा यावा म्हणून काहीजण हायड्रॉस हे रंग उडवणारं रसायन वापरतात. असा गूळ काही दिवसांत पुन्हा काळवंडतो आणि जिभेला किंचित खारट लागतो. सोनेरी ते तपकिरी, फोडला की कणीदार, आणि चहात टाकल्यावर तळाला गाळ न राहणारा गूळ चांगला. अगदी गडद गूळ कधी कधी जमिनीतल्या क्षारांमुळेही होतो, तोही चाखूनच ठरवावा.

घरी आणल्यावर पहिला अर्धा तास

भाजी बिघडते ती बहुतेक वेळा याच अर्ध्या तासात. पिशवी तशीच फ्रिजमध्ये कोंबली की आतला ओलावा पानांवर बसतो आणि दुसऱ्या दिवशी चिकटपणा येतो.

पालेभाजीची पेंडी सोडा, पिवळी आणि चिखलाची पानं काढा, मुळं तशीच ठेवा. धुऊ नका. सुती फडक्यात सैल गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. धुऊन ठेवायचीच असेल तर पूर्ण कोरडी केल्याशिवाय नको. हिरव्या मिरच्यांचे देठ काढले की आठवडा जास्त टिकतात. भेंडी, वांगी, काकडी यांना फार थंडी सोसत नाही. फ्रिजच्या मागच्या थंडगार भागात ठेवली तर डाग आणि खड्डे पडतात, म्हणून कागदात गुंडाळून दाराजवळ ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. टोमॅटो पूर्ण लाल होईपर्यंत बाहेरच. कांदा आणि बटाटा एका टोपलीत ठेवू नका, दोन्ही लवकर खराब होतात. पिकती केळी पालेभाजीपासून लांब. केळ्यातून निघणाऱ्या वायूनं पानं पिवळी पडतात.

फवारणीची भीती असेल तर वाहत्या पाण्याखाली चोळून धुणं हा सगळ्यात उपयोगी उपाय. त्यानंतर लिटरला वीस ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून पुन्हा साध्या पाण्यानं धुवा. वरचं बरंचसं निघतं. झाडात भिनलेलं औषध मात्र कितीही धुतलं तरी निघत नाही, त्याला धुण्याचे महागडे द्रवही अपवाद नाहीत.

आठवड्याचा बेत

भाजीच्या आयुष्याप्रमाणे दिवस लावा. रविवार-सोमवार पालेभाज्या, कणसं, ओल्या शेंगा. मंगळवार-बुधवार भेंडी, गवारी, दोडका, वांगी. मधल्या फेरीत पुन्हा एखादी पेंडी. शुक्रवार-शनिवार कोबी, गाजर, भोपळा, रताळी, सुरण किंवा मोडाचं कडधान्य. बेत कागदावर पदार्थाच्या नावानं लिहू नका, जातीनं लिहा: "पाला", "वेल", "शेंग", "कंद", "कडधान्य". मग बाजारात जे चांगलं दिसेल ते त्या जागी बसतं, आणि हंगाम बदलला तरी बेत तोच राहतो.

भाकरीचं धान्यही हंगामानं फिरवा. थंडीत बाजरी, उन्हाळ्यात जोंधळा, पावसात नाचणी आणि तांदूळ. जोंधळ्याचं पीठ एका वेळी दहा-पंधरा दिवसांपुरतंच दळा. जुन्या पिठाची विरी (चिकटपणा) जाते आणि भाकरी थापताना कडा फाटतात. तसं झालंच तर पीठ उकळत्या पाण्यात कालवून, झाकून पाच मिनिटांनी मळा.

उन्हाळ्यात नाचणीची आंबील अशी करावी. ४० ग्रॅम पीठ एक वाटी पाण्यात गुठळी न ठेवता कालवून रात्रभर झाकून ठेवा. सकाळी तीन वाट्या पाणी उकळा, त्यात हे कालवण ओतत सतत ढवळा, आठ-दहा मिनिटं मंद आचेवर शिजवा. पूर्ण गार झाल्यावर दोन वाट्या ताक, मीठ, जिरं आणि ठेचलेली लसणाची पाकळी. कोरडं पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकलं तर गुठळ्या होतात, गरम आंबिलीत ताक घातलं तर ते फाटतं. बहुतेकांची आंबील या दोन जागी बिघडते.

घनसाळ तांदळाला आजऱ्याच्या नावानं २०१६ मध्ये मानांकन मिळालं. दाणा बारका, आखूड, आणि शिजताना घरभर वास. सुगीनंतर आलेला नवा तांदूळ असेल तर एका वाटीला दीड ते पावणेदोन वाट्या पाणी पुरतं. सवयीनं अडीच घातलं की गिचका. सहा-आठ महिने जुना झाला की दोन ते सव्वादोन वाट्या. वास जुनेपणाबरोबर आणि जास्त पॉलिशबरोबर कमी होतो, म्हणून हा तांदूळ वर्षाचा भरून ठेवण्यापेक्षा चार-सहा महिन्यांचाच घ्या.

पावसाळ्याची बेगमी

हंगामातलं खायचं म्हणजे उरलेल्या महिन्यांत उपाशी राहायचं नाही. सुगीत भरलेलं धान्य, वाळवणं आणि चटणी हेही हंगामातलंच खाणं.

शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, मार्चच्या सुमाराला बाजारात येतो. रोज आठ भाकऱ्या होत असतील तर अर्धा किलो पीठ, म्हणजे महिन्याला पंधरा किलो धरा. धान्य दोन दिवस कडक उन्हात पसरा, दाणा दाताखाली कट् वाजून फुटला पाहिजे. मग सावलीत पूर्ण गार करून कोठीत भरा. गरम धान्य डब्यात भरलं की आत घाम धरतो आणि पंधरा दिवसांत बुरशीचा वास येतो. कडुनिंबाचा पाला घालायचा तर तो पूर्ण वाळलेला. ओला पाला किडीपेक्षा जास्त नुकसान करतो.

हुलगे, मसूर, मटकी, वाळका वरणा प्रत्येकी दोन-तीन किलो असले तर पुराच्या आठवड्यातही घर अडत नाही. हुलग्याचं माडगं आणि गरम भात याहून पावसाळी जेवण वेगळं लागत नाही.

मेथी डिसेंबर-जानेवारीत स्वस्त झाली की वाळवून ठेवा. एक किलो निवडलेल्या पानांचं वाळून सव्वाशे-दीडशे ग्रॅम उरतं. सावलीत, वारा लागेल अशा जागी पातळ पसरायची. उन्हात वाळवली तर पान तपकिरी पडतं आणि वास उडतो.

आणि चटणी. कांदा-लसूण चटणीचा काळ मार्च ते मे, कारण तेव्हा नवी वाळलेली मिरची आलेली असते, कांदा स्वस्त असतो आणि ऊन कडक असतं. एक किलो मिरचीत निम्मी बेडगी रंगाला, निम्मी संकेश्वरी तिखटपणाला. सोबत कांदा एक किलो, लसूण पाव किलो, सुकं खोबरं पाव किलो, धणे पाव किलो, तीळ आणि जिरं प्रत्येकी शंभर ग्रॅम, खडा गरम मसाला पन्नास ग्रॅम, जाडं मीठ तीनशे ते चारशे ग्रॅम, तेल दोनशे मिलिलिटरच्या आसपास. मिरचीचे देठ काढून दोन-तीन उन्हं द्या, मुठीत चुरडली की खुळखुळली पाहिजे. कांदा उभा पातळ चिरून दोन दिवस वाळवा. किलोचा सव्वाशे-दीडशे ग्रॅम व्हायला हवा. मग तो तेलात कुरकुरीत, तपकिरी होईपर्यंत परता. खोबरं, तीळ, धणे, जिरं वेगवेगळं भाजा, कारण प्रत्येकाला लागणारा वेळ वेगळा असतो आणि एकत्र टाकलं तर तीळ करपतात तेव्हा धणे कच्चेच असतात. मीठही कढईत गरम करून कोरडं करा.

डंकावर (मसाला कुटायच्या यंत्रावर) आधी मिरची, धणे, मसाला आणि मीठ कुटून घ्या. कांदा, लसूण आणि खोबरं शेवटी घालून पुन्हा एकदा सगळं एकत्र कुटा. चटणी बिघडते ती जवळजवळ नेहमी कांद्यातल्या ओलाव्यानं. वरून कुरकुरीत पण आत मऊ राहिलेला कांदा श्रावणात बुरशी धरतो. कुटून आणलेली चटणी परातीत पसरून रात्रभर गार होऊ द्या. दुसऱ्या दिवशी उन्हात तापवलेल्या कोरड्या बरणीत दाबून भरा, मधे आणि वर हिंगाचे खडे ठेवा, तोंडाला फडकं बांधा. रोजच्या वापराची पाव किलो वेगळ्या डब्यात काढून घ्या. मोठी बरणी महिन्यातून एकदाच, कोरड्या चमच्यानं उघडायची, आणि पाऊस पडत असेल त्या दिवशी उघडायची नाही.